जयपूर ते हल्याळ : गोधडीच्या वाटेवर

प्रवासाहून परतणाऱ्या माणसाने गाठोड्यात एखादे वस्त्र बांधून आणावे, ही आपल्या देशातील जुनी रीत आहे. कांचीपुरमला गेलेला लुगडे आणतो, काश्मीरला गेलेला शाल आणतो, बनारसला गेलेला निदान एखादा शेला तरी आणतो. रजई मात्र सहसा कोणी आणीत नसे. तिचे ओझे मोठे. आगगाडीच्या गर्दीत ती ठेवायची कोठे, हा प्रश्न पडे. पुढे लोक स्वतःच्या मोटारीने लांबलांबचे प्रवास करू लागले आणि ही अडचण दूर झाली. मोटारीच्या मागच्या बाजूस दोन रजया सहज मावतात. मग वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावी चौकशी सुरू होते : येथे रजईचे पाहण्याजोगे दुकान कोठे आहे?

प्रश्न साधा दिसतो. परंतु इतिहासात शिरल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. या देशात काही गावे अशी आहेत, की जेथे रजई विकण्यासाठीच तयार झाली आणि तिच्याभोवती पेठ वसली. काही मुलूख असे आहेत, की जेथे घरोघर उत्तमोत्तम गोधड्या शिवल्या गेल्या, पण त्यांचे दुकान कधी निघालेच नाही. पहिल्या ठिकाणी दुकान शोधावे लागते. दुसऱ्या ठिकाणी घर शोधावे लागते. ज्याला हा भेद ठाऊक नाही, तो प्रवासी जयपुरात फसतो आणि साताऱ्याजवळून चांगली गोधडी डोळ्यांआड टाकून पुढे जातो.

हा भेद ज्या एका रस्त्यावर स्पष्ट दिसतो, तो रस्ता दिल्लीहून निघून चेन्नईस पोहोचतो. सुमारे २८०० किलोमीटर लांबीच्या या राष्ट्रीय महामार्गाला आज ४८ हा क्रमांक आहे. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, भडोच, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड अशी गावे त्यावर एकामागून एक येतात. जयपूरची रजई, भडोचची सुजनी, महाराष्ट्राची गोधडी आणि धारवाडपासून थोडे आत गेल्यावर सिद्दींची कवंदी, अशी अंथरुणा-पांघरुणांची चार घराणी या एका वाटेवर भेटतात.

मुळात जुन्या वस्त्रांचे तुकडे जोडून नवे वस्त्र करणे ही कल्पना फार प्राचीन आहे. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द ठिगळे जोडून शिवलेल्या वस्त्राचाच वाचक आहे आणि तो विरक्त पुरुषांच्या वर्णनात वारंवार येतो. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असे. मगधातील बांधाबांधांनी आखलेली भातशेती दाखवून त्याच नमुन्यावर चीवर करावे, असे भगवान बुद्धांनी आनंदाला सुचविल्याची कथा विनयपिटकात आहे. महाराष्ट्रात अगदी अलीकडच्या काळी गाडगेमहाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव हिंडले, आणि लोक त्यांना ‘गोधडेबुवा’ म्हणूनही ओळखू लागले. अशा रीतीने ठिगळांचे वस्त्र एका बाजूने वैराग्याची खूण ठरले. दुसऱ्या बाजूने ते गरीब संसाराची गरज होते. त्याला व्यापारी माल कोणी केले, हे पाहण्यासाठी या रस्त्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येणे सोयीचे.

जयपूर हे शहर सवाई जयसिंगाने १७२७ साली वसविले. आखीव रस्ते, चौक आणि प्रत्येक धंद्याला नेमून दिलेली पेठ ही त्याची योजना होती. बाहेरून कारागीर बोलावून त्यांना तेथे राहावयास जागा देण्यात आली. रजईच्या धंद्याला लागणारी सामग्री जवळच होती. सांगानेर आणि बगरू या गावी लाकडी ठशांनी कापड छापण्याची कला होती. पिंजाऱ्यांची वस्ती होती. आणि वाळवंटी प्रदेशातील हिवाळ्याच्या रात्री पांघरुणाची निकड पटवून देण्यास समर्थ होत्या. हवामहालाच्या समोरच्या बाजूस आणि जोहरी बाजाराच्या परिसरात आजही रजईवाल्यांची दुकाने ओळीने दिसतात.

जयपुरी रजईचे वैशिष्ट्य तिच्या हलकेपणात आहे. पाव किलो रुई भरलेली रजई हे तेथील दुकानदाराचे अभिमानाचे वाक्य असते. या हलकेपणाचे रहस्य पिंजणात आहे. रुई पुनःपुन्हा पिंजली, की तिच्यातील कचरा आणि आखूड तंतू गळून जातात आणि उरलेले तंतू एकमेकांपासून सुटून फुलतात. त्या फुललेल्या तंतूंमध्ये हवा अडकते, आणि ऊब देते ती खरे म्हणजे ही अडकलेली हवाच. रुईचा हा थर कापडावर पसरून लांब काठीने हलक्या हाताने झोडपतात, म्हणजे तो सर्वत्र सारखा बसतो. मग मलमलीचा वरचा पदर, आतले अस्तर आणि कडेची मगजी यांच्यामध्ये तो बंदिस्त होतो. पुढचे काम म्हणजे टाके घालणे. त्याला तेथे ‘तागाई’ म्हणतात. हे काम बहुधा बायका आपापल्या घरी करतात. तागाई विरळ असली, की वर्षभरात रुई सरकते, कोपऱ्यात गोळा होते आणि मधला भाग पोकळ राहतो.

चांगल्या दुकानाची पारख येथेच होते. जेथे दुकानदार रजई उजेडासमोर धरून आतला थर दाखवितो, शिवण उलटी करून पाहू देतो, आत रुई आहे की कृत्रिम तंतू हे विचारण्यापूर्वीच सांगतो, ते दुकान थांबण्याजोगे. जेथे केवळ राजेरजवाड्यांच्या कथा ऐकवून किंमत वाढविली जाते, तेथून पुढे निघावे. कृत्रिम तंतू भरलेली रजई स्वस्त असते, धुण्यास सोपी असते, आणि ती घेण्यात काही पाप नाही. पण ती रुईची म्हणून विकली जाणे ही फसवणूक होय. तिच्यामुळे पिंजणाऱ्याची आणि तागाई करणारीची मजुरी बुडते.

जयपूर सोडून मेवाडातून गुजरातेत उतरले, की वस्त्रव्यापाराचा कितीतरी जुना प्रदेश लागतो. काठेवाडच्या खेड्यांत आजही काही घरांत ‘दामचियो’ नावाची लाकडी घडवंची दिसते. तिच्यावर घरातील गोधड्या घड्या घालून रचतात आणि वरून नक्षीदार झाकण घालतात. पाहुणा आला, की त्याची नजर प्रथम त्या राशीवर जावी, अशी ही मांडणी असते. मुलीने लग्नात नेलेल्या गोधड्या हे तिच्या हातकौशल्याचे आणि माहेरच्या ऐपतीचे प्रमाणपत्र होते. कच्छ आणि सिंधकडील ‘रल्ली’चीही तीच गोष्ट. या सर्व घरच्या वस्तू होत; त्यांचा बाजार पुष्कळ उशिरा निर्माण झाला.

परंतु त्याच गुजरातेच्या किनाऱ्यावर खंबायत बंदर होते आणि तेथे अंथरुणा-पांघरुणांचा मोठा व्यापार चाले. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज अधिकारी १५१८ च्या सुमारास लिहितो, की खंबायतेस पलंगावर घालावयाची सुंदर पांघरुणे आणि पलंगाची छते तयार होतात. पुढे यान हाउखेन फान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून काही वर्षे राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यात खंबायतच्या मालाचे वर्णन करताना रेशमाने आणि रंगीत सुताने टाके घातलेल्या देखण्या पांघरुणांचा उल्लेख येतो. त्यांना त्याने दोन नावे दिली आहेत. एक पोर्तुगीज, ‘कोल्चा’. आणि दुसरे, लिपीच्या फेऱ्यातून थोडे बिघडलेले पण मराठी कानाला तत्काळ ओळखू येणारे, ‘गोदोरीन’. गुदडी, गोधडी हा शब्द चारशे वर्षांपूर्वीच युरोपातील वाचकांपुढे जाऊन पोहोचला होता, आणि तोही दारिद्र्याचे चिन्ह म्हणून नव्हे, तर मौल्यवान माल म्हणून!

आज खंबायतेस जाऊन असे दुकान शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. आखात गाळाने भरत गेले, मोठी जहाजे सुरतेस जाऊ लागली आणि खंबायतचे वैभव ओसरले. आता ते गाव अकीकाच्या कामासाठी ओळखले जाते. अगदी असाच प्रकार या रस्त्यापासून फार दूर, बंगालमध्ये घडला. सप्तग्राम किंवा सातगाव येथील कारागिरांनी पोर्तुगिजांसाठी पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या रानरेशमाने भरलेल्या कोल्चा केल्या. त्यांवर शलमोन राजाचा न्याय आहे, शिकारीचे प्रसंग आहेत, जहाजे आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व्यापाऱ्यांनाही त्यांची ओढ लागली. पण सरस्वती नदीचे पात्र भरत गेले आणि सातगावचे व्यापारी महत्त्व हुगळीकडे गेले. १६३२ साली शहाजहानच्या सैन्याने हुगळीही पोर्तुगिजांकडून घेतली. ज्या गिऱ्हाइकासाठी ही वस्त्रे होत असत तेच गेल्यावर तो धंदाही विराला. त्या कोल्चा पाहावयाच्या तर आता लिस्बन किंवा लंडन येथील संग्रहालयांत जावे लागते.

याउलट त्याच बंगालमधील बायका जुन्या साड्यांचे पदर जोडून आणि काठातले दोरे काढून ज्या कांथा शिवीत होत्या, त्या कोणत्याही बंदरावर अवलंबून नव्हत्या. त्या टिकल्या. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने विसाव्या शतकात खेडोपाडी हिंडून त्या गोळा केल्या. त्यांचा संग्रह कलकत्त्याजवळ जोका येथील संग्रहालयात आहे. बाजारासाठी केलेली वस्तू बाजाराबरोबर गेली आणि घरासाठी केलेली राहिली, असा धडा यातून निघतो. पण तो अर्धाच धडा आहे. त्याची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसते.

तत्पूर्वी वाटेवरच्या भडोच येथे थांबावयास हवे. नर्मदेच्या काठचे हे गाव ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ‘बारिगाझा’ या नावाने ठाऊक होते, आणि आसपासच्या काळ्या जमिनीतील कापूस पुढे ‘ब्रोच’ या नावाने जगभर विकला गेला. तेथील सुजनी ही शिवलेली नसते. ती विणलेली असते. मागावर एकाच वेळी दोन पदर विणले जातात, ठराविक अंतरावर ते एकमेकांत गुंफले जातात, आणि मध्ये तयार होणाऱ्या चौकोनी खिशांत विणता विणताच रुई भरली जाते. रुंद मागावर हे काम दोन माणसांनी मिळून करावे लागते. सुईचा टाका नसल्याने शिवण उसवण्याचा प्रश्नच येत नाही. अंदमानच्या बंदिवासात गेलेल्या एका भडोचकराने ही विद्या तेथे शिकून घरी आणली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. अलीकडच्या काळात ही कला मोजक्या विणकर कुटुंबांपुरती उरली होती, म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले. भडोचला सुजनी घ्यावयाची तर शक्यतो विणकराच्या मागापाशी जावे. माग चालताना एकदा पाहिला, की किंमतीची घासाघीस करण्याची इच्छा आपोआप ओसरते.

मुंबई मागे टाकून घाट चढला, की गोधडीचा मुलूख सुरू होतो. कोठे तिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाचे केले, की तेच दुपटे होते. जुनी नऊवारी लुगडी हा तिचा देह. आत विटलेली धोतरे, फाटके सदरे, पोरांच्या चड्ड्या असे जे मिळेल ते पसरावयाचे, वरखाली लुगड्याचा पदर घालावयाचा आणि जाड दोऱ्याने कडेकडेने धावदोरा घालीत आत यावयाचे. उन्हाळ्यात शेतीची कामे संपलेली असत. दुपारच्या वेळी ओसरीवर गोधडी पसरली, की शेजारणीही सुईदोरा घेऊन भोवती बसत. त्या टाक्यांबरोबर किती सुखदुःखे शिवली गेली, याचा हिशेब कोणत्याही वखारीच्या वहीत नाही. आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ आणि थोरल्या मुलाच्या पहिल्या सदऱ्याचा तुकडा एकाच गोधडीत शेजारी शेजारी येत. घरातील माणसांना ती वाचता येई. परक्याला ती केवळ ठिगळे वाटे.

या गोधडीचे दुकान निघाले नाही याचे कारण उघड आहे. आपल्या घरच्या जुन्या कपड्यांची वस्तू विकावी, ही कल्पनाच कोणास सुचत नव्हती, आणि दुसऱ्याच्या जुन्या कपड्यांची विकत घ्यावी, हीही नव्हती. फार तर हात चालत नसलेली म्हातारी एखाद्या गरजू बाईला घरी बोलावून मजुरीने गोधडी शिवून घेई. परंतु घरावर विसंबलेली ही कला घराच्या बदलाबरोबर क्षीण होऊ लागली. सोलापूरची चादर सुटसुटीत होती. पुढे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली. नऊवारी लुगडे मागे पडले आणि त्याच्या जागी आलेली कृत्रिम धाग्याची साडी गोधडीला निरुपयोगी ठरली. ती सुईखाली घसरते आणि घाम टिपत नाही. सदनिकांत ओसरी नाही, शेजारणींना दुपार मोकळी नाही, आणि ओली गोधडी वाळत घालावयास जागाही नाही. बंगालच्या कोल्चा गिऱ्हाईक नाहीसे झाल्याने संपल्या. महाराष्ट्रातील गोधडीला गिऱ्हाईक मुळात नव्हतेच, म्हणून ती विटू लागली तेव्हा हाक मारावयासही कोणी नव्हते. धड्याचा दुसरा अर्धा भाग तो हा.

याच रस्त्याने धारवाडला पोहोचून पश्चिमेकडे वळले, की तासाभरात हल्याळ येते. हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड या तालुक्यांच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेचे. त्यांपैकी पुष्कळ जण पोर्तुगिजांच्या काळी गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. मालकाच्या घरातून निसटून ते घाटमाथ्याच्या या जंगलात आले. त्यांची बोली कोंकणी वळणाची असून तिच्यावर मराठीचाही संस्कार आहे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे सिद्दी तेथे आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने तुकडे जोडीत शिवणारी हळूहळू मध्याकडे येते. आखणी नसते, माप नसते. रंग कोणता कोठे बसवावा हे हातच ठरवितो. वरून लहान लहान तुकड्यांच्या टिकल्या बसतात. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत क्रूस, तर मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर दिसू शकते. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी-बोडकी समजली जाते. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कलेतिहासकाराने या कवंदींचा अभ्यास केला, शिवणाऱ्या स्त्रियांची सहकारी संघटना उभी राहिली, आणि २०११ साली न्यूयॉर्कमधील शॉमबर्ग केंद्रात त्यांचे प्रदर्शन भरले. ज्यांचे पूर्वज विकले गेले, त्यांच्या नातींनी आपल्या हातची वस्तू आपण ठरविलेल्या मोलाने जगापुढे ठेवली, ही घटना लहान नव्हे.

घर आणि बाजार यांच्यामध्ये एक तिसरी वाट असू शकते, हे यावरून दिसते. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्याच्या भुसुरा परिसरातही तेच घडले. तेथील सुजनी नावाने भडोचची बहीण, पण रीतीने कांथेची. नवजात बाळासाठी जुन्या साड्यांची शिवली जाणारी ती वस्तू विसाव्या शतकाच्या अखेरीस संघटित प्रयत्नांनी अर्थार्जनाचे साधन झाली. त्या परंपरेतील कलावती निर्मला देवी यांना २०२५ साली पद्मश्री देण्यात आली. महाराष्ट्रातही आता काही ठिकाणी बायकांचे गट गोधड्या शिवून विकतात. त्यांतील कापड पुष्कळदा नवे असते आणि गिऱ्हाईक शहरातले असते. तरी धावदोरा तोच असतो.

तेव्हा पाहण्याजोगे दुकान कोणते, या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या पाटीवर लिहिलेले नसते. ही वस्तू कोणी शिवली, कोठे शिवली, आणि त्या हाताला काय मिळाले, हे ज्या दुकानात सांगता येते, ते पाहण्याजोगे. जयपुरात त्यासाठी पेठेत दोन-चार दुकाने फिरावी लागतील. भडोचला मागापर्यंत जावे लागेल. सातारा-कोल्हापूरकडे एखाद्या ओळखीच्या घरी विचारावे लागेल. हल्याळला रानातल्या वस्तीपर्यंत वाट वाकडी करावी लागेल. घेतलेली गोधडी घरी आल्यावर प्रथम उलटी करून पाहावी. वरचा पदर रंगाने भुलवितो. टाका किती दाट, दोरा किती सरळ आणि गाठ किती पक्की, हे मागच्या बाजूस दिसते. शिवणारीचे नाव बहुतेक गोधड्यांवर नसते. तिची सही म्हणावयाची तर ती हीच.